‘चालेल ना?’ असं विचारू नका

प्रश्न : मी ५८ वर्षांची, आमचे हे मार्चमध्ये रिटायर झाले. एक सेकंडहँड ईको घेतलीय, मागे दोघांपुरता बेड करून घेतलाय, आणि दिवाळी झाली की अठरा दिवस बाहेर पडायचं ठरवलंय. कराड, कोल्हापूर, आंबा घाटाने खाली रत्नागिरी, मग मालवण, सावंतवाडी, आंबोलीने वर चढून बेळगाव आणि परत. प्रत्येक ठिकाणी एकतर माझी हॉस्टेलची मैत्रीण नाहीतर ह्यांचा मित्र, काहींना १९८९ नंतर पाहिलेलंच नाही. प्रॉब्लेम असा की बरोबर नऊ वर्षांचा लॅब (लॅब्रॅडॉर कुत्रा) आहे आणि एक मांजरी, त्यांना ठेवायला कुणी नाही. मुलगी म्हणते आई, लोकांना ऑकवर्ड होईल. रत्नागिरीच्या मैत्रिणीकडे तर सासूबाई आहेत आणि घरात सोवळंओवळं आहे. कसं विचारू? आणि आम्ही गाडीतच झोपलो तर त्यांना वाईट वाटेल का?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : ताई, मुलगी म्हणते ते अर्धं बरोबर आहे. ऑकवर्ड कुत्र्यामुळे होत नाही, आपण ज्या पद्धतीने विचारतो ना त्याने होतं. आपण फोन लावतो आणि म्हणतो, अगं आमचा लॅब पण आहे बरोबर, चालेल ना? आता ह्या ‘चालेल ना’ला आपल्याकडे एकच उत्तर आहे, ‘हो गं, न चालायला काय झालं!’ तीस-पस्तीस वर्षांनी फोन आलाय, ती बिचारी काय नाही म्हणणारे? ती हो म्हणते, फोन ठेवते, आणि मग स्वयंपाकघरात जाऊन घरच्यांशी वाद घालत बसते. ते आपल्याला कधीच कळत नाही, फक्त गेल्यावर हवा जरा जड वाटते.

म्हणून प्रश्नच असा विचारायचा की नाही म्हणायला जागा राहील. मी असं म्हणते, आम्ही सकाळी अकराला येतो, जेवतो, चारला निघतो, कुत्रा गाडीत नाहीतर माझ्या हातात पट्ट्यावर असेल, तुझ्याकडे गाडी सावलीत लावायला जागा आहे का? बस. आता तिला राहायला बोलवायचं असेल तर ती आपणहून म्हणते, चारला कसली निघतेस, मुक्काम कर. नसेल बोलवायचं तर झाड दाखवते. दोन्ही बाजूंची अब्रू शाबूत. आणि हे ग्रुपवर टाकू नका बाई, एकेकीला स्वतंत्र फोन करा, ग्रुपवर एकीने अंगठा दाखवला की बाकीच्या सात जणींना दाखवावाच लागतो.

उत्तरं ऐकायला पण शिकायला लागतं. ‘विचारून सांगते’ म्हणजे नाही. ‘बघू गं, ये तर खरी’ म्हणजे पण जवळजवळ नाहीच. ‘त्याला काय लागतं खायला?’ म्हणजे मनापासून हो.

आता सासूबाई. इथे माझीच फजिती सांगते. चार वर्षांपूर्वी आम्ही असेच ओम्नी घेऊन गेलो होतो, बरोबर बटर (कुत्रा) आणि खारी (मांजर). चिपळूणच्या अलीकडे माझी मैत्रीण, कौलारू घर, पुढे सारवलेलं अंगण, मधोमध तुळशीवृंदावन. तिला सांगितलं होतं दुपारी पोचतो आणि कुंभार्ली घाटात रेंगाळत, फोटो काढत पोचलो संध्याकाळी सातला. मैत्रीण धावत आली, मी दार उघडलं, गळ्यात पडायच्या नादात पट्टा सुटला आणि बटर, जो कराडपासून धरून बसलेला, तो सरळ गेला आणि त्याने तुळशीवर तंगडी वर केली. नुकताच दिवा लावलेला होता हो. पडवीत सासूबाई उभ्या. कुणी एक शब्द बोललं नाही. त्यांनी आत जाऊन बादली आणली, वृंदावन धुतलं, दिवा परत लावला आणि आत गेल्या. मैत्रीण हसून वेळ मारून नेत होती पण मला त्या रात्री तांदळाची भाकरी घशाखाली जाईना. दुसऱ्या दिवशी त्यांनी पडवीतून एकदाच विचारलं, काय नाव त्याचं? मी म्हटलं बटर. ‘असलं कसलं नाव,’ म्हणाल्या. दोन दिवसात आमचं तेवढंच बोलणं झालं.

चूक माझी होती, कुत्र्याची नाही. नर कुत्रा नव्या जागी गेला की पहिलं काम खूण करायचं करतो, वास घेऊन तो तेच शोधत असतो, आणि अंगणात मधोमध उभी असलेली उंच वस्तू म्हणजे त्याला आमंत्रणच. त्यामुळे आता माझा नियम म्हणजे घर एक किलोमीटरवर राहिलं की थांबायचं, वीस मिनिटं चालवायचं, तीन-चार झाडं होऊ द्यायची, पाणी पाजायचं आणि मगच दारात गाडी न्यायची. आणि उशीर होणार असेल तर फोन करायचा. आम्ही दिवेलागणीच्या वेळेला पोचलो नसतो तर निम्मा प्रकार टळला असता. तुमचा लॅब नर आहे का मादी ते लिहिलं नाहीत, मादी असली तरी हे कराच.

सोवळ्याच्या घरात कुत्रं पडवीच्या पायरीच्या आत न्यायचंच नाही, मैत्रीण कितीही ‘येऊ दे गं’ म्हणाली तरी. ती त्या घरात राहते पण घर तिच्या एकटीचं नाही. मांजरीचं सोपं असतं, कोकणात मांजर कुणाला वर्ज्य नाही, पण तुमची मांजरी तिथल्या बोक्यांच्या तडाख्यात सापडेल म्हणून तिला गाडीतच ठेवा.

मालवण-सावंतवाडीकडे बहुतेक घरांना स्वतःचं एक तरी मोकळं कुत्रं असतं. त्याच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, तुमचा लॅब थेट उतरवलात तर मारामारी ठरलेली, कारण ते त्याचं राज्य आहे. मित्राला आधी सांगा की तुझ्या कुत्र्याला दोरी लावून रस्त्यावर घेऊन ये, दोघांना समोरासमोर न आणता, मध्ये आठ-दहा पावलांचं अंतर ठेवून एकाच दिशेने दहा-पंधरा मिनिटं चालवा, आणि मग एकत्रच आत शिरा. बाहेर ओळख झाली की आत घरचा कुत्रा सहसा इतका पेटत नाही. लोक हसतात, कुत्र्यांचं कांदेपोहे करताय का म्हणून. हसू देत.

आता तुमचा खरा प्रश्न, गाडीत झोपायचा. हो, वाईट वाटतं. आपल्याकडे घर असताना पाहुणा गाडीत झोपला हे शेजाऱ्यांनी पाहिलं तर यजमानाची मान खाली जाते, मग तुम्ही कितीही व्हॅन लाईफ वगैरे सांगा. आम्ही दोनतीन ठिकाणी ह्यावरून रुसवे काढले आणि शेवटी जे जमलं ते सांगते. ज्याची मैत्री तो घरात झोपतो, दुसरा गाडीत जनावरांपाशी. रत्नागिरीला तुम्ही आत, हे गाडीत. मालवणला मित्र ह्यांचा असेल तर हे आत आणि तुम्ही मांजरीला घेऊन गाडीत पुस्तक वाचत. कारण ‘कुत्रं एकटं राहिलं तर रात्रभर भुंकेल, अख्खी वाडी जागी होईल’ असं सांगायचं, ते सगळ्यांना पटतं आणि बहुतेक वेळा खरंही असतं. ह्यात एक फायदा असा की जुन्या गप्पा ह्या नवराबायको दोघं समोर असताना होतच नाहीत. रात्री दीड वाजता गादीवर पडून, लाईट बंद करून ज्या गप्पा होतात त्यासाठी तर तुम्ही अठरा दिवस निघालाय, ना?

खाण्याचं एकदाच स्पष्ट सांगा, हसत सांगा पण सांगा. आजोबा-काका मंडळी प्रेमाने टेबलाखालून देतात आणि रात्री निस्तरायचं आपण. चिकनची शिजलेली हाडं तुकडे होऊन आतड्यात टोचतात, माशाचे काटे तेच. कांदा-लसूण घातलेला रस्सा कुत्र्या-मांजरांच्या रक्तातल्या तांबड्या पेशींना मारतो. मनुका आणि द्राक्षांनी कुत्र्याची किडनी जाऊ शकते, म्हणजे शिऱ्यातल्या मनुकासुद्धा नकोत. मी पोचल्या पोचल्या यजमानीण बाईंकडे बटरचा डबा देते आणि म्हणते ह्यातलं तुम्हीच घाला, मग त्यांनाही घातल्याचं समाधान मिळतं.

घाटाचं थोडक्यात सांगते, निघायच्या आधी तीन-चार तास पोटभर खायला घालू नका. आंब्याला वर थांबून पाय मोकळे करा, साखरप्याला उतरलात की परत थांबा, म्हातारा कुत्रा आहे. उलट्यांसाठी डॉक्टरांनी त्याला दिलेलीच गोळी, आपली माणसांची नाही. मांजरीला तर पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा जीव घेऊ शकते, तेव्हा ‘अंग गरम लागतंय, अर्धी क्रोसिन दे’ म्हणणाऱ्या मैत्रिणीला थांबवा.

आणि एक गोष्ट जी फार लोकांना माहीत नसते. कोकणात उतरायचं म्हणून तुम्ही कुत्र्याच्या मानेवर गोचिडांचं औषध सोडणारच, सोडायलाच पाहिजे. पण डबीवर परमेथ्रिन लिहिलंय का बघा. कुत्र्याला ते चालतं, मांजरीला ते विष आहे, आणि तुमची दोघं एकाच बेडवर एकमेकांना टेकून झोपणार. डॉक्टरांना आधीच सांगा की घरात मांजर आहे, ते दुसरं काहीतरी देतील. गोचिडांचं मी उगाच वाढवून सांगत नाहीये. सावंतवाडीच्या पलीकडे दोडामार्ग तालुक्यात २०१६ पासून माकडतापाचे पेशंट सापडलेत, १९५७ साली कर्नाटकात क्यासनूरच्या जंगलात पहिल्यांदा ओळखला गेलेला तो ताप, आणि तो माणसाला मुख्यतः गोचिडीच्या चावण्यातून होतो. कुत्रं रानात शिरून अंगावर गोचीड घेऊन आलं आणि तुमच्या अंथरुणात झोपलं, असं नको. त्या बाजूला मित्राच्या बागायतीतल्या पायवाटेवर फिरवा, जंगलात नको, आणि रोज रात्री कानामागे, बोटांच्या बेचक्यात, शेपटीखाली हात फिरवून बघा.

प्रश्न : आमची रूटीन अशी आहे की व्हॅनला बाहेरून साखळी आणि कुत्रा खाली गोणपाटावर झोपतो, त्याला तसंच आवडतं. पुढच्या महिन्यात ओतूरजवळ शाळेतल्या मित्राच्या मळ्यावर दोन रात्री आहोत, उसाच्या कडेलाच गाडी लावणार आहे. थंडीत त्याला काही पांघरूण घालावं का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : दादा, पांघरूण राहू द्या, त्याला आत घ्या! जुन्नर तालुका आहे तो, उसात बिबटे राहतात, पिल्लं उसातच वाढवतात, माणिकडोहला बिबट्यांसाठी वेगळं निवारा केंद्र आहे ते काही उगीच नाही. आणि बिबट्याला कुत्र्याइतकं सोपं जेवण दुसरं नाही. साखळीला बांधलेलं कुत्रं म्हणजे वाढून ठेवलेलं ताट, त्याला पळतासुद्धा येत नाही. तुमच्या मित्राला विचारा, त्याचं स्वतःचं कुत्रं रात्री कुठे असतं ते. काच चार बोटं खाली, आत जाळी, कुत्रा आत. अंधार पडायच्या आधी फिरवून आणा, आणि पहाटे त्याला न्यायचंच असेल तर मित्राला उठवा, मोठी बॅटरी घ्या, मोठमोठ्याने बोलत जा, उसाच्या बांधाला जाऊ नका. जुन्या मित्राला पहाटे पाचला उठवायचा हक्क असतोच आपल्याला.

प्रश्न : उलट बाजूने विचारते. मैत्रीण येणार आहे व्हॅन घेऊन, नवरा आणि दोन कुत्री. माझ्या मुलाला दमा आहे, केसांनी वाढतो. आमच्या सोसायटीत सेक्रेटरी कुत्र्यांना लिफ्टमध्ये घेऊ देत नाहीत ते वेगळंच. नाही म्हणायचं धाडस होत नाहीये, ती इतक्या वर्षांनी येतेय.
— एक वाचक, ठाणे

उत्तर : आजच फोन करा, उद्यावर नको. ‘मुलाला दमा आहे, कुत्री घरात नाही घेता येणार, पण मला तू हवीयेस’ इतकंच, मागे-पुढे काही नाही. लांबण लावली की समोरचा तोडगा शोधायला लागतो, बाल्कनीत ठेवू, बाथरूममध्ये ठेवू, आणि मग परत तुम्हीच अडकता. दम्याला बाल्कनी पुरत नाही, केस आणि कोंडा कपड्यांवरून घरात येतोच, त्यामुळे ती एकटी आली तरी तिला म्हणा, बाई, गाडीत कपडे बदलून ये, मैत्रीण आहे, समजेल. नवरा आणि कुत्री खाली गाडीपाशी, तुम्ही दोघी वर. नाहीतर सकाळी सहाला उपवनला भेटा, तळ्याच्या कडेने सगळे चाला, वडापाव खा.

सेक्रेटरींचं म्हणाल तर पशुकल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये स्पष्ट आहे की सोसायटीला पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही आणि लिफ्टही नाकारता येत नाही. पण तुमची मैत्रीण हा कागद दाखवून, भांडून, दोन दिवसांनी पुढच्या गावाला जाणार आणि सेक्रेटरी रोज तुम्हाला भेटणार. पाहुण्यासाठी मी तरी भांडणार नाही. स्वतः कुत्रं पाळलंत तेव्हा बघू.

प्रश्न : मागच्या अंकात तुम्ही लिहिलंत की कोकणात मैत्रिणीकडे गेलात तर पहाटे समुद्रावर कुत्रं मोकळं सोडा, भरपूर पळू द्या. मी गुहागरची. तुम्हाला आमच्या किनाऱ्यावर काय असतं माहीत आहे का?
— एक वाचक, गुहागर

उत्तर : माहीत होतं आणि लिहिताना डोक्यातून गेलं, त्यामुळे कान धरते. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत ऑलिव्ह रिडले कासवं वेळास, आंजर्ले, गुहागर आणि इतर किनाऱ्यांवर रात्री येऊन वाळूत खड्डा करून अंडी घालतात, एका खड्ड्यात शंभराच्या आसपास. वेळासला २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन ह्या घरट्यांची राखण सुरू केली. पहाटे पोरं किनाऱ्यावर माग काढत फिरतात आणि कोल्ह्या-कुत्र्यांच्या आधी अंडी उचलून जाळीच्या कुंपणात नेऊन पुरतात. आणि मी लोकांना सांगतेय की नेमकं पहाटेच कुत्रं सोडा! लॅबचं नाक काय असतं ते ज्यांच्याकडे लॅब आहे त्यांना सांगायला नको, दीडेक फूट वाळूखालचं घरटं तो दोन मिनिटात उकरेल.

तर दुरुस्ती अशी : त्या महिन्यांत किनाऱ्यावर पट्टा सोडायचा नाही, ओल्या वाळूतून पाण्याच्या कडेने चालवायचं, भरतीच्या रेषेच्या वर न्यायचंच नाही, आणि फिरवायचं ते उन्हं वर आल्यावर, पहाटे किंवा रात्री नाही. कोथरूडच्या ताई, हे तुम्हालाही लागू, तुम्ही नेमक्या त्याच दिवसांत जाताय.

प्रश्न : कुत्रा व्हॅनमध्ये असताना आम्ही मित्राच्या मुलीच्या लग्नाला अर्धा तास टेकून येऊ शकतो का? डिसेंबरात आहे, काचा थोड्या उघड्या ठेवू.
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : लग्न कुठे आहे? रत्नागिरी-मालवणला डिसेंबरात दुपारी बत्तीस-तेहेतीस होतंच. बाहेर तीस असलं तरी उन्हातली बंद गाडी अर्ध्या तासात पंचेचाळीसच्या वर जाते, आणि दोन बोटं उघड्या काचेने त्यात फारसा फरक पडत नाही. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो धापा टाकूनच गार होतो, आणि आतली हवाच तापली की धापांचा उपयोग नाही. शिवाय लग्नातला अर्धा तास कधी अर्धा तास असतो? अक्षता, मग भेटी, मग ‘जेवल्याशिवाय जायचं नाही’. एकाने मांडवात जायचं, एकाने झाडाखाली दारं सताड उघडी टाकून कुत्र्यापाशी बसायचं, मग पाळी बदलायची. मित्राला आहेराच्या पाकिटाबरोबरच सांगून ठेवा, तो एक ताट बाहेर पाठवेल. आम्हाला एकदा असंच आलं होतं, जिलबी-मठ्ठ्यासकट, आणि वाढप्याने बटरसाठी वेगळा साधा वरणभात आणला होता, कुणी सांगितलं होतं देव जाणे.

प्रश्न : दाभोळ-धोपावे फेरीबोटीत कुत्र्याला गाडीतून उतरवायचं का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : नको. बोटीचा भोंगा वाजतो, लोखंडी फळी आपटते, कडेला मोटरसायकली लागलेल्या असतात, त्यात नवखं कुत्रं बिथरतं. काच उघडून शेजारी बसा, काही मिनिटांचा तर प्रवास आहे. मांजरीच्या पिंजऱ्यावर मात्र आधीच चादर टाका, आमची खारी दाभोळला जी ओरडायला लागली ती धोपाव्याला उतरून पुढचा अख्खा चढ संपेपर्यंत ओरडत होती.